आठवी आज्ञा आणि शिवा काशिद

श्रोतेहो, नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या कोल्हापुरात कॉन्व्हेंटच्या गेटवर पालकांची झुंबड उडते. याच कोल्हापुरात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवावा लागला होता. आता दंडाविनाच रांग लागते. त्या रांगेत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक मोठ्यानं: इंग्रजी फाडफाड येईल ना? दुसरा जरा दबक्या आवाजात: तिथं धर्म तर शिकवत नाहीत ना?

मी स्वतः माळकरी घरातली. नोकरी मात्र कॅथलिक शाळेत केली, आणि बरीच वर्षं वर्ग चौथीचा होता. म्हणून आज चौथीबद्दलच बोलते.

दबक्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. धर्म शिकवतात, पण कॅथलिक मुलांना. आपल्या राज्यघटनेचं कलम 28 सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला कुणालाही त्याच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून त्या तासाला आमचा वर्ग दुभंगायचा. गोव्याकडची, मंगळूरकडची, आजऱ्याकडची कॅथलिक मुलं सिस्टरांच्या मागून धर्मशिक्षणाला जायची आणि उरलेली माझ्यापुढं मूल्यशिक्षणाला बसायची. पालकांनी हा तास कोण घेतं, त्यात काय घेतात, हे शाळेत सरळ विचारावं. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

सिस्टरांच्या वर्गात काय चालायचं, ते मला मुलांकडूनच कळायचं. चौथीपर्यंत बहुतेकांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधला फर्स्ट कम्युनियनचा विधी, झालेला असतो किंवा तोंडावर आलेला असतो. पूर्वी त्यासाठी मुलांना बरीच मोठी होईपर्यंत थांबवत. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं, तेवढं पुरे. त्यामुळं चौथीत आल्यावर प्रार्थना पाठ आहे की नाही हा मुद्दा मागं पडतो आणि वागणं पुढं येतं. बायबलमधल्या दहा आज्ञा, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, पापनिवेदन. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांतही दहा आज्ञा बहुधा चौथीतच नीट शिकवतात. गंमत म्हणजे तिथं बऱ्याच ठिकाणी आपापल्या राज्याचा इतिहासही चौथीलाच असतो.

पापनिवेदनातली एक गोष्ट मला फार पटली. मुलाला शिकवतात की चुकलं हे ओळख, वाईट वाटू दे, पुन्हा करणार नाही असं ठरव, फादरांना सांग. पण एवढ्यावर सुटका नाही. घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत करायची. मी ते माझ्या मूल्यशिक्षणाच्या तासाला बिनदिक्कत उचललं. कंपासपेटीतून रबर गेलं की आमच्याकडं नुसतं ‘सॉरी टीचर’ चालत नसे. रबर आधी परत, सॉरी नंतर.

आज्ञांच्या आकड्यांवरून मात्र भांडणं व्हायची. ‘आईबापांचा मान राख’ ही कॅथलिकांची चौथी आज्ञा. कोल्हापुरात 1852 पासून अमेरिकन मिशन होतं, ते पुढं प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचं झालं; त्या परंपरेतल्या घरात हीच आज्ञा पाचवी. मूर्ती करू नये ही आज्ञा ते वेगळी मोजतात, कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. दोन्हीकडं बेरीज दहाच. शेजारी राहणाऱ्या दोन मुली यावरून आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईबापांचा मान कितपत राखला जात होता, ते त्यांच्या आयांना माहीत!

बाकी विषयांचं काय सांगू? भागाकार, अपूर्णांक, नकाशा. रडू सगळ्या शाळांत सारखंच येतं. पण राज्याच्या अभ्यासक्रमात चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती, आणि कोल्हापूरच्या मुलांना पन्हाळा म्हणजे रविवारी झुणका-भाकरी खायला जायचं ठिकाण. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा मी शिकवत होते. जुलैची पावसाळी रात्र, दोन पालख्या. एकीतून महाराज विशाळगडाच्या वाटेनं निघाले. दुसरीत महाराजांच्या वेषात नेबापूरचा शिवा काशिद. तो मुद्दाम शत्रूच्या हाती सापडला, ओळख पटल्यावर मारला गेला, तोवर महाराज पुढं निघून गेले. वर्ग चिडीचूप. आणि मागच्या बाकावरून एक कॅथलिक मुलगा उठला. “टीचर, पण तो खोटंच बोलला की! आठवी आज्ञा मोडली की त्यानं.”

दोन-चार जण त्याच्या अंगावरच धावून गेले. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, प्रश्न चांगला आहे, उत्तर द्या. मग काय, तास संपला तरी कुणी उठेना. एक म्हणाली, तो स्वतःसाठी नाही बोलला. दुसरा म्हणाला, सिद्दीला खरं सांगायचं कशाला, तो काय आपला मास्तर आहे? तिसऱ्यानं विचारलं, मग मी आईला वाचवायला खोटं बोललो तर चालेल? आणि आईचा मार वाचवायला बोललो तर?

मधल्या सुट्टीत मी सिस्टरांना गाठलं. त्या हसल्या. म्हणाल्या, आज्ञेचे शब्द ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ असे आहेत. चर्चचे जुने विचारवंत संत ऑगस्टीन मात्र कुठलंच खोटं माफ करत नाहीत. तरीही ज्याला सत्य जाणून घ्यायचा हक्क नाही त्याला ते सांगायला कुणी बांधलेलं नाही, असंही चर्चच्या शिकवणीत आहे. म्हणजे त्या मागच्या बाकाचा वाद चर्चमध्येही जुनाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या तासाला आल्या आणि दोघींनी मिळून तो वाद पुढं चालवला. त्या पोरानं शेवटपर्यंत हेका सोडला नाही: शिवा काशिद शूर, पण बोलला ते खोटंच. मी त्याला गप्प केलं नाही. परीक्षेत अर्थात हा प्रश्न येत नाही. तिथं ‘शिवा काशिद कोण होता?’ एवढंच येतं, आणि त्याला पूर्ण गुण पडले.

तर रांगेतल्या पालकांनो, इंग्रजी येईल. मूल चौथीत गेलं की गुणपत्रिकेबरोबर एवढंही विचारा: आज वर्गात कशावरून वाद झाला? वादच झाला नाही असं रोज सांगू लागलं, तर एकदा बाईंना जाऊन भेटा.

नमस्कार.