काढून टाकलेलं बटण कुठे जातं?

(पुण्यात, सदाशिव पेठेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय डेस्कटॉपचा आहे, म्हणजे भांडणाचा आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, वाद घालायचा तर थोडा अभ्यास लागतो. डेस्कटॉपवर वाद घालायला हातात माउस असला की पुरे, आणि पुण्यात तर तोही लागत नाही.

लिनक्सवर डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या, मेनू आणि खिडक्यांची मांडणी, वेगवेगळे निवडता येतात. आज बोलायचंय त्यांतल्या मुख्यतः ग्नोमबद्दल. 6 एप्रिल 2011 ला ग्नोम 3.0 आलं. त्याच्या चारच दिवस आधी बंगळूरला ग्नोम एशियाची परिषद भरली होती, म्हणजे या नव्या डेस्कटॉपच्या स्वागताचा मांडव आपल्याच देशात पडला होता. पुढच्या काही महिन्यांत जे रण माजलं ते अजून पुरतं शमलेलं नाही.

जून 2002 पासून ग्नोम 2 होतं. वर एक पट्टी, खाली एक पट्टी. वर मेनू आणि घड्याळ, खाली उघड्या खिडक्यांची नावं. 3.0 मध्ये खालची पट्टी गेली. खिडकीच्या कोपऱ्यातली मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझची बटणं गेली, बंद करायची फुली तेवढी उरली. डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले. डाव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हिटीज’ आलं, माउस तिथे नेऊन आपटला की सगळ्या खिडक्या लहान होऊन समोर मांडल्या जायच्या.

यामागे विचार नव्हता असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. विचार होता, आणि तो आतून सुसंगत होता. खालची पट्टीच नाही तर मिनिमाइझ केलेली खिडकी जाणार कुठे? म्हणून ते बटण नको. खिडकी नजरेआड करायची तर ती दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे खिडक्या मांडायच्या दुसऱ्या आभासी पडद्यावर, ढकला, एक भरलं की नवं रिकामं वर्कस्पेस आपोआप तयार होतं. एक गोष्ट मान्य केली की पुढच्या सगळ्या ओघाने येतात. अडचण अशी की ती पहिली गोष्ट मान्य आहे का, हे वापरणाऱ्यांना विचारलं नव्हतं.

आणि काही निर्णय तर त्या तर्कातही बसत नव्हते. 3.0 मध्ये मेनू उघडला की ‘सस्पेंड’ दिसायचं. संगणक पूर्ण बंद करायचा तर ऑल्टची कळ दाबून धरायची, मग त्याच जागी ‘पॉवर ऑफ’ उमटायचं. हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? ही कल्पना लॅपटॉपवाल्याची आहे: झाकण मिटलं, झोपला, सकाळी उघडला. आपल्याकडे दुकानात, क्लासमध्ये, छोट्या ऑफिसात टेबलावरचा संगणक असतो आणि रात्री कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली करायची शिस्त असते. सस्पेंडमध्ये उघडं काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला वीज लागते. बॅटरी नसलेल्या संगणकाची वीज तोडली की ते काम गेलं. ज्याने हे योजलं त्याच्या डोळ्यासमोर लक्ष्मी रोडवरचं दुकान नव्हतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही. पण तक्रारी आल्यावरही ते सरळ करायला 2012 चं 3.6 उजाडलं.

आता वापरणाऱ्यांकडे येतो. मी लोकांना लिनक्स बसवून देतो, त्यामुळे एकाच डेस्कटॉपबद्दलची परस्परविरोधी मतं मला एकाच आठवड्यात ऐकायला मिळतात.

हिंजवडीचा प्रोग्रामर ग्नोमवर खूश असतो. सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबली, दोन अक्षरं टाइप केली, एंटर. त्याच्या मते माउस हा पाहुण्यांसाठी असतो. त्याचं हे मत मला कळतं, त्यावर फार बोलत नाही.

कोथरूडच्या एक अनुवादक बाई आहेत. त्यांच्यासमोर लिबरऑफिसच्या दोन फायली असतात, एकीत मूळ मजकूर आणि दुसरीत मराठी. दिवसातून कितीतरी वेळा या खिडकीतून त्या खिडकीत जायचं. ग्नोममध्ये ऑल्ट-टॅब खिडक्या बदलत नाही, ॲप्लिकेशन बदलतं. दोन्ही फायली लिबरऑफिसच्याच, म्हणून यादीत चिन्ह एकच. एकाच ॲप्लिकेशनच्या दोन खिडक्यांत फिरायला ऑल्टबरोबर टॅबच्या वरची कळ दाबायची. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी शिकूनही घेतलं, आणि मग म्हणाल्या, ‘‘अहो, पण माझी बोटं मला विचारून थोडीच चालतात?’’ वीस वर्षांच्या सवयीला ‘बदलाला विरोध’ म्हणणं सोपं आहे. पण त्या बाई शब्दांच्या हिशेबाने पैसे मिळवतात, अडखळलं की तेवढं काम मागे पडतं.

त्यांचीच दुसरी तक्रार तर मला आधी सुचलीही नव्हती. ग्नोमचं सगळं शोधा-आणि-टाइप-करा यावर उभं आहे. मराठी लिहिताना कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या कळमांडणीवर, असतो. तशात सुपर दाबून फायरफॉक्स शोधायला गेलं की एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी पडते, आयच्या जागी ग, आरच्या जागी दीर्घ वेलांटी. मग सुपर-स्पेस दाबून इंग्रजीवर या, पुन्हा टाइप करा, परत मराठीवर जा. एका भाषेत, एका लिपीत जगणाऱ्या माणसाला हा शोध विजेसारखा वाटतो. दोन लिप्यांत काम करणाऱ्याला बोट ठेवता येईल असं चिन्ह हवं असतं. मेनू मागणारे सगळेच जुनाट असतात असं समजू नका.

आणि याच्या उलट, सहकारनगरचे एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांना ग्नोम 2 चा जाच व्हायचा. तिथे पट्टीवर उजवी टिचकी मारून ती पट्टीच काढून टाकता यायची, सरकवता यायची, चिन्हं उडवता यायची. काकांचा हात जरा कापतो. दर थोड्या दिवसांनी फोन: ‘‘अरे, ती खालची पट्टी आज डावीकडे गेलीय.’’ ग्नोम 3 आल्यापासून त्या कारणासाठी एकही फोन नाही, कारण हलवण्यासारखं काही उरलंच नाही. त्यांच्या मते हा आजवरचा सर्वांत उत्तम डेस्कटॉप आहे. हे मत कुठे लिहिलेलं सापडणार नाही, कारण काका वाद घालायला येत नाहीत.

मग सगळ्यांना सगळे पर्याय का देत नाहीत? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं चांगलं उत्तर ग्नोमच्याच हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2002 च्या सुमारास दिलं होतं: प्रत्येक सेटिंगला किंमत असते. हिशेब करून बघा. चालू-बंद अशी दहा सेटिंग्ज असली तर संगणकाच्या 1,024 वेगवेगळ्या अवस्था होतात. वीस असली तर दहा लाखांच्या वर. त्या सगळ्या तपासणार कोण? शिवाय प्रत्येक सेटिंगला एक वाक्य लागतं, त्या वाक्याचं मराठी कुणीतरी फुकट, रात्री जागून करतं. भाषांतराला बसलेल्या माणसाला विचारा, कमी सेटिंग्ज असाव्यात असंच तो म्हणेल.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी उलटा रस्ता धरला: आधी साधं दिसू दे, पण हवं त्याला आत सगळं मिळू दे. मला त्यांचं प्लाझ्मा (त्यांच्या डेस्कटॉपचं आताचं नाव) आवडतं. पण त्यांचीही 2008 च्या जानेवारीत 4.0 आणताना अशीच फजिती झाली होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्ससुद्धा तेव्हा केडीई सोडून ग्नोमकडे आले, 2011 मध्ये ग्नोम 3 वर जाहीरपणे चिडून एक्सएफसीई या हलक्याफुलक्या डेस्कटॉपकडे गेले आणि दोन वर्षांत परत ग्नोमवर आले, एक्स्टेंशन्स, म्हणजे वरून लावायच्या छोट्या जोडण्या, टाकून. कर्नल लिहिणाऱ्या माणसाचं एका डेस्कटॉपवर मन रमत नाही, तर आपलं काय घेऊन बसलात.

ज्यांना राहवलं नाही त्यांनी वेगळी चूल मांडली. ग्नोम 2 चा कोड उचलून माटे तयार झालं (आपल्याकडचे माटे नव्हेत, दक्षिण अमेरिकेतलं पेय). लिनक्स मिंट या तयार लिनक्सवाल्यांनी ग्नोम 3 चाच पाया घेऊन वर जुन्या वळणाचं सिनॅमन बांधलं. उबुंटू या दुसऱ्या तयार लिनक्सने एप्रिल 2011 मध्येच युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला, 2017 मध्ये तो सोडून दिला आणि ग्नोमकडे परत आलं. परत येताना मात्र डावीकडची आपली पट्टी बरोबर घेऊन आलं.

त्या पट्टीपाशी जरा थांबूया, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. उबुंटूमधली ती पट्टी हे एक्स्टेंशन आहे. तिथले डेस्कटॉपवरचे आयकॉन हेही एक्स्टेंशन, घड्याळाशेजारची ट्रेमधली (मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमची) चिन्हं हेही. म्हणजे ग्नोमच्या रचनाकारांनी जे विचारपूर्वक काढलं, ते उबुंटूने विचारपूर्वक परत लावलं. आपल्यापैकी ज्यांनी ‘मी ग्नोम वापरलंय’ म्हणून मत बनवलंय, त्यातल्या पुष्कळांनी ग्नोमच्या रचनाकारांना अभिप्रेत असलेलं ग्नोम पाहिलेलंच नाही. 2022 मध्ये ग्नोमने आपण ग्नोम कसं वापरतो याची माहिती स्वखुशीने पाठवायचं एक छोटं साधन दिलं होतं. सुमारे अडीच हजार लोकांनी माहिती पाठवली. त्यांतले बहुसंख्य एक्स्टेंशन वापरणारे होते आणि सर्वांत लोकप्रिय होतं ते ट्रेतली चिन्हं परत आणणारं. स्वतःहून माहिती पाठवणारे हौशीच असतात, सहकारनगरचे काका त्यात नसणार, हे धरूनसुद्धा ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

आता एक्स्टेंशन चालतं कसं ते बघा. ग्नोम शेलचा, म्हणजे पट्टी आणि खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमचा, दिसणारा बराच भाग जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे. एक्स्टेंशन म्हणजे बाहेरून जोडलेला सुटा डबा नाही. ते त्याच चालू प्रोग्रॅमच्या आत शिरतं आणि तिथली फंक्शन्स बदलतं. म्हणून त्याला काहीही करता येतं, आणि म्हणूनच आतलं काही हललं की ते मोडतं. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या सुमारास. आतली रचना स्थिर ठेवू असं वचन ग्नोम देत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये 45 आलं तेव्हा जावास्क्रिप्टचे मॉड्यूल, म्हणजे कोडचे सुटे भाग, लोड करायची पद्धतच बदलली आणि जुनं प्रत्येक एक्स्टेंशन दुरुस्त करावं लागलं. वेलँडवर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवायच्या नव्या पद्धतीत, तर शेल कोसळलं की सगळं सत्रच जातं, उघड्या फायलींसकट.

तेव्हा पेनिंग्टन यांचा हिशेब बरोबर होता, पण तो अर्धाच मांडला गेला. सेटिंग काढल्यावर तिची किंमत नाहीशी होत नाही. लोकांची गरज तशीच राहते, ती एक्स्टेंशनच्या रूपात बाहेर येते, आणि किंमत ग्नोमच्या खात्यातून निघून कुठल्या तरी एकट्या विद्यार्थ्याच्या खात्यावर पडते. तो परीक्षा सांभाळून दर सहा महिन्यांनी दुरुस्ती करतो आणि एखाद्या वर्षी नोकरी लागली की थांबतो. त्या दिवशी कोथरूडमधून मला फोन येतो. ग्नोमच्या लोकांनी कोड स्वच्छ ठेवला याचं मला कौतुक आहे. पण कचरा आपल्या दारातून शेजारच्या दारात गेला तर गल्ली स्वच्छ झाली असं कुणी म्हणू नये.

ग्नोममधले लोक ऐकतच नाहीत, हा आरोप मात्र मी करणार नाही. 2004 मध्ये त्यांनी प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीत उघडायची पद्धत आणली होती. ओरड झाली, शेवटी 2010 मध्ये ती मूळ सेटिंगमधून गेली. 2021 च्या 40 व्या आवृत्तीत वर्कस्पेसेस उभी होती ती आडवी केली, आणि त्याआधी लोकांना समोर बसवून चाचण्या घेतल्या. त्याच्या दहा वर्षं आधी हे केलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती.

दुसरीकडे टीका करणाऱ्यांचाही एक दोष सांगतो. ‘सगळ्यांना हे नको आहे’ असं म्हणणारा प्रत्येक जण ‘सगळ्यां’मध्ये फक्त स्वतःला आणि दोन मित्रांना धरतो. 2010 मध्ये उबुंटूने खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेली तेव्हा उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत, असं स्वच्छ सांगितलं. लोकांना राग आला. पण समजा मतदान घेतलंच, तर काकांचं मत कोण टाकणार?

प्रश्नोत्तरांत बहुतेकांनी एकच विचारलं: विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, घरातल्या जुन्या संगणकावर काय टाकू? आठ जीबी रॅम आणि विंडोजची सवय असेल तर मिंट, सिनॅमनसह. चार जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. माणूस घाबरट असेल आणि संगणकावर फक्त ब्राउझर आणि फोटो लागत असतील, तर साधं ग्नोम, एकही एक्स्टेंशन न टाकता. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे संगणकावर न बसवताच, चालवून बघा आणि मराठी टायपिंग, प्रिंटर आणि रोजच्या दोन खिडक्यांमधली ये-जा, एवढं ज्याचा संगणक आहे त्यालाच करायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा, माउसला हात लावू नका.