डबा कोणाबरोबर?

(दृश्य: परळची चाळ, सकाळ. गॅलरीतल्या दोरीवर गणवेश.)

हा माझ्या मुलीचा चौथीचा गणवेश. जूनपासून लागणार नाही. तिच्या मराठी शाळेत पाचवीला पुरेशी मुलं उरली नाहीत, वर्ग बंद झाला. इंग्रजी शाळा गल्लीच्या तोंडाशी. मराठी हवी तर दोन बस बदलून जायचं. एका रात्री मी म्हटलं, "आपण हिला घरीच शिकवू या का?"

सासूबाईंचा जन्म पालिकेच्या शाळेत शिकवण्यात गेला. मला वाटलं, चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि ती डबा कोणाबरोबर खाणार?"

कायद्याचं मी शोधून काढलं. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी सोय नाही, पालकांना शिक्षाही नाही. पुढची वाट मात्र आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते, मराठीतूनही, आणि विषय सोडवायला ५ वर्षं मिळतात. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. परीक्षेची काळजी माझ्यापुरती तिथेच मिटली.

(दृश्य: हाजी अली. पाणी चढतंय.)

मे महिनाभर आम्ही करून पाहिलं. आजीने पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, काढली. हल्ली पाऊणकी कोण शिकवतं! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेचे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. लेक वहीत वेळ मांडून आजीला घेऊन हाजी अलीला गेली. दर्ग्याची वाट पाण्याखाली जायला लागली तशी ओरडली, "आजी, आलं गं बरोबर!" अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखणारी हीच पोर. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तिने ताडून पाहिलं, भरती पाऊण तासाने पुढे सरकली होती. ते दोन दिवस मी विसरणार नाही.

मग जून आला. गावाला गेलेली मुलं परतली आणि शाळेत गेली. दुपारी सासूबाईंचा डोळा लागायचा, ही गॅलरीत एकटी. मी नोकरी सोडावी असं कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. "आपण शिकवू" यातलं 'आपण' बहुतेक घरांत आईच असते. आमचा महिना दोन पगारांशिवाय निघत नाही. ज्यांचा निघतो, ज्यांच्या घरात खरंच कोणी मोकळं आहे आणि शेजारी खेळायला मुलं आहेत, त्यांनी जरूर करावं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: शाळेचं आवार, मधली सुट्टी.)

त्याच आठवड्यात दोन बसवाली शाळा बघायला गेलो. मी ऑफिसात बोलून बाहेर आले, तर ही पायरीवर दोन मुलींच्या मध्ये बसून त्यांच्या डब्यातलं थालीपीठ खात होती.

प्रवेश घेतला. परतताना बसमधून तिने आजीला फोन लावला. "पुढची पौर्णिमा सुट्टीच्या दिवशी येते का, बघून ठेव गं."