बडी रायन यांचा ४६

श्रोतेहो, नमस्कार.

१९८१च्या हंगामात शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं पार पानिपत झालं होतं. मुख्य प्रशिक्षकांची गच्छंती अटळ होती आणि साहेब गेले की त्यांची माणसंही जातात, हा तिथला रिवाज. तेव्हा बचाव फळीतल्या खेळाडूंनी वयोवृद्ध मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून गळ घातली, की आमचे बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांना काढू नका. हॅलस यांनी ऐकलं. १९८२मध्ये माइक डिटका मुख्य प्रशिक्षक झाले ते असे, की बचावाचा कारभारी त्यांच्याआधीच ठरलेला! दोघांचं पुढे जमलं नाही यात नवल ते काय?

खेळाडूंशी रायन गोड बोलायचे म्हणाल, तर मुळीच नाही. कोरियन युद्धातला हा माजी सार्जंट. नव्या पोराला ते जर्सीवरच्या आकड्यानेच हाक मारत. नावाने हाक मारून घ्यायला आधी मैदानात काहीतरी करून दाखवावं लागे. त्यांच्या डावपेचालाही डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीचाच आकडा चिकटला: ४६.

यात समोरच्या संघाचा चेंडू मागे देणारा सेंटर आणि त्याच्या शेजारचे दोन गार्ड, या तिघांच्या थेट पुढ्यात तीन दांडगे उभे राहत. प्रत्येक जण आपापल्या दांडग्यात अडकला, की एकमेकांच्या मदतीला कोण जाणार? शिवाय एकूण आठ जण, खेळ सुरू होतो त्या रेषेजवळ दाटी करून उभे. त्यातले अंगावर कोण येणार, मागे कोण सरकणार, हे उमगेपर्यंत चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आडवा झालेला असे.

याची किंमतही होती. चेंडू झेलायला धावणाऱ्यांना रोखणारे कॉर्नरबॅक मागे एकटे पडत. २ डिसेंबर १९८५ला मायामीत तिथल्या संघाचे क्वार्टरबॅक डॅन मरिनो यांनी नेमकं तेच हेरलं. नॅट मूर या चेंडू झेलणाऱ्या चपळ रिसीव्हरवर मधल्या फळीतला लाइनबॅकर ठेवायचा की जादा कॉर्नरबॅक आणायचा, यावरून मध्यंतरात डिटका आणि रायन यांची अशी जुंपली, की हातघाईच व्हायची बाकी होती. माझ्या मते जादा कॉर्नरबॅक आणा, हे डिटकांचं म्हणणं बरोबर होतं, पण रायन हेका सोडतात कसले! सामना ३८-२४ असा गेला. त्या हंगामातली ती एकुलती एक हार.

त्यानंतर बाद फेरीत जायंट्स आणि रॅम्स या दोघांनाही शून्यावर रोखलं. २६ जानेवारी १९८६ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना झाला. पॅट्रियट्सना अख्ख्या सामन्यात चेंडू घेऊन धावत मिळाले फक्त ७ यार्ड. निकाल ४६-१०, हा ४६ मात्र निव्वळ योगायोग. खेळाडूंनी डिटकांना खांद्यावर घेतलं आणि रायन यांनाही. हाताखालच्या प्रशिक्षकाला असा मान क्वचितच मिळतो.

लगेच रायन फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथेही बचाव जबरदस्त होता, पण पाच वर्षांत बाद फेरीतला एकही सामना जिंकता आला नाही. पुढे ह्यूस्टनला असताना, जानेवारी १९९४मध्ये, टीव्हीवर सामना सुरू असतानाच त्यांनी ठोसा लगावला. कोणाला? आपल्याच संघाचं आक्रमण सांभाळणाऱ्या केविन गिलब्राइडना! त्याच वर्षी ॲरिझोनाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं आणि तिथे त्यांनी मदतीला घेतले आपलेच जुळे मुलगे, रेक्स आणि रॉब. दोघंही बचावाचेच प्रशिक्षक.