मुंबई ते दुबई: अंतर तेच, वेळ निराळी

नमस्कार श्रोतेहो. घरातलं कुणी दुबईला निघालं की तिकीट चार हातांतून फिरतं आणि कुणीतरी विचारतंच, "जाताना पावणेदोन तास आणि येताना सव्वाचार? हे कसं काय?"

तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, बाराही महिने. म्हणून जाताना दीड तास मिळवा, येताना वजा करा. मुंबईहून सकाळी १० ला सुटून ११.४५ ला पोचणारं विमान खरं तर सव्वातीन तास घेतं. दुबईहून रात्री १० ला निघून २.१५ ला मुंबईत येणारं पावणेतीन.

तरी अर्धा तास उरलाच. तो वाऱ्याने खाल्ला.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत १,०४० सागरी मैल. पण विमान दोऱ्यावरून जात नाही. अरबी समुद्र ओलांडून ओमानवरून जाणाऱ्या ठरावीक हवाई मार्गांनी जातं, तेव्हा हिशेबाला २,००० किलोमीटर धरा. आता विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून, म्हणजे दुबईच्या बाजूने येणारा वारा ताशी १०० धरला, तर जाताना हाती उरतात ७५०, येताना ९५०. भागाकार केला की २ तास ४० मिनिटं आणि २ तास ६ मिनिटं. पावसाळ्यात वरचा हा वारा मंदावतो, कधी उलटतोही, आणि फरक आटतो.

मग सव्वातीन आणि पावणेतीन तास भरायला लागणारी जादा मिनिटं कुठली? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमानं सोडता येत नाहीत; रांगेत वीस मिनिटं गेली तर नवल नाही. चढताना-उतरताना वेगही कमी असतो. इंटरनेटवरची 'सव्वादोन तास' ही उत्तरं यातलं काहीच धरत नाहीत, त्यांच्यावर विसंबून पुढचं विमान पकडायला जाऊ नका.

सगळ्यात महाग चूक मात्र तारखेची. १५ तारखेचं रात्री १२.४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री ९.४० ला विमानतळाच्या दारात हजर. १५ ची रात्र धरून बसलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. सामान घेणंही साधारण सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं.

आणायला जाणाऱ्यांचंही तसंच. १५ ला रात्री १० ला दुबईहून निघालेला माणूस मुंबईत १६ ला येतो. विमान सव्वादोनला लागलं तरी इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम करून बाहेर यायला तासभर लागू शकतो. गाडी त्या बेताने काढा, पार्किंगचे पैसे वाचतील.