पायऱ्या कुठे गेल्या? पेठेतल्या वाड्याची नोंद

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘आपल्या वाड्याची नोंद एका रविवारात’. नोंदीकडे, म्हणजे वाड्याचे कागद, फोटो, मापं आणि आठवणी टिपून ठेवण्याकडे, येतोच. पण आधी पायऱ्यांबद्दल बोलू द्या. पायऱ्या पाहिल्याशिवाय नोंद कशासाठी करायची ते पटत नाही.

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण अशा कुठल्याही पेठेत जुन्या वाड्याच्या दारासमोर उभे राहा. जोतं, म्हणजे वाड्याचा चौथरा, घडीव काळ्या दगडाचं असतं. बांधणाऱ्याने ते रस्त्यापेक्षा उंच उचललं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून, आणि चढायला दोन-तीन पायऱ्या ठेवल्या. आज बऱ्याच ठिकाणी त्यातली एकच पायरी दिसते. काही वाड्यांत तर उंबऱ्यावरून खाली उतरून आत जावं लागतं. लोक म्हणतात, वाडा खचला. वाडा जागेवर आहे हो, रस्ता वर चढलाय! जुना थर न खरवडता त्यावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर, आणि शेवटी काँक्रीट. दर खेपेला दोन-चार इंच. गटाराचं झाकणही प्रत्येक वेळी तेवढंच वर येतं.

पुढे काय होतं ते नीट पाहा. वाड्याचा सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो, लाकडाला ओल लागू नये एवढ्यासाठीच. रस्ता जोत्याच्या वर गेला की पावसाचं पाणी उंबरा ओलांडून चौकात येतं, तळखडा दिवसेंदिवस ओला राहतो, आणि खांबाचा बुंधा आतून कुजतो. वरून रंग चांगला दिसतो, पण टोचा मारला की भुसा निघतो. मग तुळई बसते, माडी झुकते, ‘इमारत धोकादायक’ अशी नोटीस लागते. दीड-दोनशे वर्षं उभा राहिलेला खांब रस्त्याच्या चार थरांनी जातो. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडला असता तर हे टळलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं आणि प्रत्येक ठिकाणी मी हे बोलतो.

पुराच्या खुणांचंही तेच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत ज्या भिंती चुन्यात होत्या त्या बऱ्याच टिकल्या. मातीत रचलेल्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा काही घरांनी अजून जपल्यात. पण लोक त्या मोजतात रस्त्यापासून! रस्ता दोन फूट चढला असेल तर तुमचा पूर दोन फुटांनी उतरतो. मोजायचं ते जोत्याच्या दगडापासून.

आणि जुना रस्ता नेमका कुठे होता, हे हौद सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी शहरात आणलं. कात्रज उंचावर, शहर खाली, सगळं काम उताराचं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळावर उघडणाऱ्या उभ्या वाटा, बांधले. कोंडलेली हवा त्यांतून सुटते आणि गाळ काढायला माणूसही त्यांतूनच उतरतो. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावं तुम्हाला पाठ आहेत. पाणी केवळ उतारावर चालत असल्यामुळे हौद मनाला येईल तसा वर उचलता येत नाही. म्हणून जिथे जुना हौद जागेवर आहे, तिथे पेठेची जुनी पातळी आजही टेप लावून काढता येते. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण झालं, पुढे घराघरांत नळ आले आणि हौदांकडे लक्ष उरलं नाही. उच्छ्वासांवर फरशा बसल्या. उच्छ्वास बुजला की गाळ काढता येत नाही, आणि शेजारच्या फुटक्या गटाराचं पाणी आत शिरलं तरी कुणाला कळत नाही.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तेव्हा नोंद भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं काम कागदाचं, ते रविवारच्या आधी करा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, मूळ धारक आणि पुढचे फेरफार तारखांसकट असतात. संगणकावरच्या उताऱ्यावर थांबू नका, जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल मागा, आणि चौकशी नोंदवहीचाही, म्हणजे नगर भूमापनाच्या वेळी हक्कांची चौकशी लिहिली त्या वहीचाही, उतारा मागा. जुन्या पत्रांवरचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकच असेल असं धरून चालू नका. बहुतेक घोटाळे इथेच होतात. पेठेच्या माहितीसाठी १८८५ च्या पुणे गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी जिल्हा-माहितीग्रंथाचा, तिसरा भाग बघा. घरात मोडी कागद असतील तर त्यांना प्लास्टिक चढवू नका, चिकटपट्टी लावू नका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, जाणकाराला आधी दाखवा.

दुसरं, फोटो. दर्शनी भागावर थेट ऊन नसताना घ्या. फोन सरळ उभा धरा, वर तिरका केला की खांब आत झुकलेले दिसतात. भिंतीला फूटपट्टी टेकवून ठेवा. दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार), तळखडा, चौक, आड (विहीर), जिना आणि विटेची जाडी, प्रत्येकाचा वेगळा फोटो.

तिसरं, वाड्यातली वयस्कर मंडळी. ‘पूर्वी कसं होतं?’ विचारलं की ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. नळ कुठे होता, किती बिऱ्हाडांत होता, पाणी किती वाजता यायचं, हे विचारा. साल आठवत नसेल तर ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ असं विचारा, बरोबर सांगतात.

हे सगळं वाडा पाडायच्या आधी. एकदा पाडकाम सुरू झालं की सागवान आणि जोत्याचे दगड आधी विकले जातात, म्हणजे मोजायचं तेच आधी जातं. नोंदीची एक प्रत नव्या सोसायटीच्या फायलीत नकाशांबरोबर लावा.

आणि टेप तीस मीटरची घ्या. पाच मीटरच्या टेपने दर्शनी भिंत मोजायची तर मध्ये दोन-तीनदा खूण करून जोडावी लागते आणि प्रत्येक जोडाला बोटभर चूक होते. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने मोठ्याने म्हणून लिहायचं.