या कानाची त्या कानाला

मंडळी, कार्यक्रम सुरू होण्याआधी व्यासपीठावर खुर्च्यांची जी हलवाहलव झाली ती तुम्ही पाहिलीत. मानपानाचा प्रश्न नव्हता. मला मधोमध बसवलं होतं आणि माझ्या डाव्या हाताला अध्यक्ष होते. मी त्यांना विनंती करून अगदी डावीकडची टोकाची खुर्ची मागून घेतली. माझा डावा कान गेली अकरा वर्षं पूर्ण बंद आहे. डावीकडे कितीही थोर माणूस बसलेला असो, मी त्याच्या बोलण्याला नुसती हसून मान डोलावते. अशाच एका मान डोलावण्यातून मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन अंगावर घेऊन बसले होते. ते मला तीन दिवसांनी नोटीस बोर्डावर वाचून कळलं.

कान गेला तो एका रात्रीत. सकाळी बहिणीचा फोन आला, डाव्या कानाला लावला, पलीकडे कुणीच नाही. रेंज गेली म्हणून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा चहा ढवळता ढवळता फोन उजव्या कानाला लागला, तेव्हा बाई तिकडून माझ्यावर वैतागून बोलतच होत्या. मग घरात नेहमीचं सुरू झालं. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मळ असेल. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, सर्दीने दडे बसलेत, गोळ्या घ्या, वाफ घ्या. जून महिना, शाळा नुकती उघडलेली, मीही म्हटलं बसतील तसे उठतील. कानाच्या डॉक्टरांकडे मी गेले ती बाराव्या दिवशी.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आजच्या भाषणातून दुसरं काही घरी नेलं नाहीत तरी चालेल, एवढं न्या. तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं एकदम खाली आलं, तर ती कानाची तातडी आहे. छातीत दुखलं की आपण वाट बघत नाही, तशीच इथेही बघायची नाही. स्टेरॉइड देतात, गोळ्यांनी किंवा पडद्यातून सुईने. पहिल्या काही दिवसांत द्यावं, फार तर दोन आठवड्यांत. जितका उशीर तितकी आशा कमी. मला दिलं, उपयोग झाला नाही. वेळेवर गेले असते तर नक्की परत आला असता असं मी म्हणत नाही. पण बारा दिवस तेलात घालवले, ते मला आजही टोचतात.

आता एक गंमत करू. सगळ्यांनी एका कानात बोट घाला, घट्ट. तोंड मिटून ‘हुंऽऽ’ करा. लाजू नका, शेजारचाही करतोय. आवाज कुठल्या कानात मोठा येतोय? बोट घातलेल्या, बरोबर? मळाने किंवा सर्दीने कान बंद झाला तरी असंच होतं, गुणगुणणं बंद कानाकडे जातं. ऐकण्याची नस किंवा कानाच्या आतला शंखासारखा भाग बिघडला असेल तर ते चांगल्या कानाकडे पळतं. माझं पळालं होतं. डॉक्टर कपाळावर चिमटा टेकवतात, म्हणजे तो कंप पावणारा काटा, त्यामागचा हिशोब हाच. अर्थात ‘हुं’ करून निदान होत नाही. डॉक्टरांकडे आज जायचं की सोमवारी, एवढं ठरवायला बरं. आज जायचं.

मग तपासणी. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात, पीं ऐकू आलं की बटण दाबायचं. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा उजव्या कानात मुसळधार पावसासारखा आवाज सोडला. का, तर डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून पलीकडे जातो आणि चांगला कान त्याचं उत्तर देऊन टाकतो. म्हणजे चक्क कॉपी! त्या पावसाला ते लोक मास्किंग म्हणतात, मी त्याला सुपरव्हायझर म्हणते. आलेख हातात आला. उजवा कान लाल गोळ्यांनी दाखवतात, डावा निळ्या फुल्यांनी. उजवीकडचे गोळे वरच्या रेघांवर छान ओळीत. डाव्या कानाच्या सगळ्या फुल्या, अगदी तळाशी. तीस वर्षं गणिताच्या वह्या तपासणाऱ्या बाईला हा निकाल समजावून सांगावा लागला नाही. नसेवर गाठ आहे का हे बघायला एमआरआय केला, गाठ नव्हती. कारण सापडलं नाही. बहुतेकांचं सापडत नाही.

‘एक कान आहे ना, मग झालं,’ असं मला लोक म्हणतात. मीही सुरुवातीला म्हणायचे. दोन कानांचं काम काय ते एका आठवीच्या वर्गाने शिकवलं. समभुज त्रिकोण चालू होता. प्रत्येक कोन किती, असं विचारलं. खिडकीकडच्या रांगेतून, माझ्या डावीकडून, उत्तर आलं. मी म्हटलं, ‘आठ अंश? तीन आठे चोवीस. मग उरलेले एकशे छप्पन्न कुठे गेले?’ वर्ग हसला. पोरगी ‘साठ’ म्हणाली होती. वर मी रागावून बघत होते ते दाराकडच्या रांगेतल्या एका निरपराध मुलाकडे.

दोन्ही चुकांना कारण आहे. डोकं आवाजाची सावली पाडतं. जाड, ढाले स्वर डोक्याला वळसा घालून येतात. स, श, फ असे बारीक, उंच पट्टीतले आवाज त्या सावलीत अडकतात. ‘साठ’मधला ‘स’ माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूलाच राहिला, ‘आठ’ उजव्या कानात पोचला. दुसरी चूक दिशेची. डोक्याला वळसा घालून एका कानापासून दुसऱ्यापर्यंत साधारण वीस-बावीस सेंटिमीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. भागाकार करा: दूरच्या कानाला आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास, उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू सांगतो, डावीकडे बघ. एका कानाला वजाबाकी कशातून करायची?

त्याच वर्षी मी पहिलं मशीन घेतलं. दुकानदाराने डाव्या कानासाठी साधं श्रवणयंत्र दिलं आणि आवाज पूर्ण वाढवला. मला डावीकडे पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखं वाटायचं, शब्द एक नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, मेलेल्या कानाला जिवंत करत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ते यंत्र अजून कपाटात आहे. म्हणून सांगते, यंत्र बसवणाऱ्याकडे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून आरसीआयची, भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का, एवढं तरी विचारा.

सात वर्षं तशीच काढली. सवय होते. गाडी मी चालवली की नवरा डावीकडे येतो आणि त्याच्या सूचना ऐकू येत नाहीत. गणपतीत डीजे लागला की उजव्या कुशीवर वळायचं आणि शांत झोपायचं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतो, तो चालू केला, तेव्हा इअरफोनमधून अर्धवट येणारी गाणी पुरी झाली. पण वर्ग काही सोसवेना. मग मुंबईत दाखवलं आणि तिथे क्रॉस हा शब्द ऐकला.

आपल्याकडे म्हणतात ना, या कानाची त्या कानाला खबर नाही. क्रॉस नेमकी ती खबर पोचवतं. बहिऱ्या कानामागे एक तुकडा बसतो, त्यात माइक असतो. तो तिकडचा आवाज बिनतारी उजवीकडच्या तुकड्याला पाठवतो आणि तो उजव्या कानात सोडतो. ही कल्पना अमेरिकेत १९६५ मध्ये हारफर्ड आणि बॅरी यांनी मांडली. तेव्हा वायर लागायची, ती चष्म्याच्या काड्यांतून आणि फ्रेममधून फिरवायचे. आता वायर नाही, पण तुकडे दोनच. कान गेला एक, पैसे दोन यंत्रांचे.

अनामत ठेवून आठवडाभर वापरायला मिळालं. क्लिनिकमध्ये तिथल्या मुलीने माझ्या डाव्या बाजूला येऊन हळूच विचारलं, ‘मॅडम, चहा घेणार?’ आणि मी वळून न बघता म्हटलं, ‘बिनसाखरेचा.’ डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण साडीच्या दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच साड्या छान दिसतात. साडी उन्हात नेऊन बघायची असते. मी एक वही केली. जागा कुठली, बोलणारा कुठल्या बाजूला, गोंगाट कुठल्या बाजूला, यंत्र चालू की बंद, किती शब्द कळले. नवऱ्याला कामाला लावलं.

वर्गात यंत्र जिंकलं. खिडकीकडची रांग परत माझ्या वर्गात आली. ‘साठ’ला ‘स’ मिळाला. घरच्या जेवणात, स्टाफरूममध्येही फायदा. मंडईत मात्र उलटं. उजवीकडे मैत्रीण बोलत होती, डावीकडे ‘वीसला पाव, वीसला पाव’. एरवी ती आरोळी माझ्या डोक्याच्या सावलीत अर्धी विरली असती. यंत्राने ती उचलून माझ्या एकुलत्या एका चांगल्या कानात ओतली आणि मैत्रिणीचं बोलणं बुडालं. गोंगाट बहिऱ्या बाजूला असेल तर यंत्र बंद करायचं, हे मला कुठल्या माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं.

आणि पाचव्या दिवशी, स्टँडसमोर. डावीकडून एसटी आली, हॉर्न दिला. हॉर्न मला ऐकू आला उजव्या कानात, कारण ऐकणारा कान तेवढाच. मी घाबरून डावीकडे सरकले, म्हणजे थेट एसटीकडे. नवऱ्याने दंड धरून ओढलं. यंत्र आवाज आणतं, पत्ता आणत नाही. वहीत त्या ओळीसमोर मी लाल शाईने लिहिलं आहे: रस्त्यावर डोळे.

हाडावाटे ऐकवणारं यंत्रही पाहिलं. स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, १९७७ मध्ये कवटीच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून ते पहिल्यांदा केलं. ऑपरेशनआधी पट्ट्यावर लावून चाचणी घेता येते. मी अर्धा तास लावलं, घट्ट हेअरबँडसारखं कानामागे रुतलं. आवाज तेही चांगल्या कानालाच पोचवतं, म्हणजे मंडईचं दुखणं तेच. बहिऱ्या कानाला स्वतःचं ऐकणं मिळू शकतं ते कॉक्लिअर इम्प्लांटने, म्हणजे आतल्या कानात ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राने. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. खर्च लाखांत, आणि माझा कान बरीच वर्षं बंद. मी नको म्हटलं. तरुण माणसाने, कान नुकताच गेलेल्याने, जरूर विचारावं.

सवलतींचं विचारतात म्हणून सांगते. दोन्ही कान मिळून बहिरेपणाची टक्केवारी काढतात: चांगल्या कानाची गुणिले पाच, अधिक वाईट कानाची, भागिले सहा. माझे शून्य गुणिले पाच अधिक शंभर, भागिले सहा, म्हणजे सोळा-सतरा टक्के. दिव्यांग प्रमाणपत्राच्या सवलतींचा उंबरठा चाळीस. गणित बरोबर आहे. ‘साठ’ आणि ‘आठ’ त्यात बसत नाहीत, एवढंच.

क्रॉस मी घेतलं. दिवसाला चार-पाच तास लावते, शाळेत आणि आज इथे. लग्नाच्या कार्यालयात पर्समध्ये असतं. सेल तपकिरी स्टिकरचा, ३१२ नंबरचा. स्टिकर काढला की मिनिटभर हवा खाऊ द्यायची आणि मग बसवायचा.

आता प्रश्न. हात वर करून उभं राहा, नुसतं बसून विचारलंत तर मी भलत्याच माणसाकडे बघून उत्तर देईन. आणि डावीकडच्या मंडळींनी आधी विचारा, मगाशीच कानात टुणटुण झाली आहे, सेल संपत आलाय.