स्वादुपिंडाचा कॅन्सर उंदरांत कशाला वाढवतात?

नमस्कार मंडळी! दापोलीत पाऊस नुसता कोसळतोय, पत्र्याचा आवाज येईल मध्येमध्ये, तेवढं सांभाळून घ्या.

हर्णैच्या एका ताईंनी विचारलंय, "दादा, आजार माणसाचा, मग त्या मुक्या जिवांना का छळायचं?" प्रश्न रास्त आहे.

स्वादुपिंड असतं जठराच्या मागे, दडलेलं. कावीळ दिसेपर्यंत किंवा पाठ दुखायला लागेपर्यंत कॅन्सर बहुतेकदा पसरलेला असतो. त्यामुळे तो सुरू कसा होतो, हे माणसात बघायला मिळणं फार कठीण.

पूर्वीपासूनची एक पद्धत म्हणजे माणसाची गाठ उंदराच्या कातडीखाली लावायची. आपण हापूसचं कलम बांधतो ना, तसंच. फांदी आयतीच मिळते, पण बाठा रुजताना काही दिसत नाही.

ते दिसलं २००३ मध्ये, 'केसी' नाव दिलेल्या उंदरांत. क्रास नावाच्या जनुकातला बिघाड फक्त स्वादुपिंडात चालू केला. माणसांच्या ९० टक्क्यांहून जास्त गाठींत हाच बिघाड सापडतो. पण गंमत बघा, लगेच कॅन्सर झालाच नाही! बारीक नलिकांच्या अस्तरात बदल होत राहिले, महिनोन्महिने. २००५ मध्ये जोडीला पी५३ हे जनुकही बिघडवलं. हे केपीसी उंदीर. ते साधारण पाच महिन्यांत दगावतात, आणि कॅन्सर माणसासारखाच यकृतात, फुप्फुसांत जातो.

उंदीर मोठे झाल्यावर बिघाड चालू केला, तर नुसत्या क्रासनं भागेना. स्वादुपिंडाला सूज आणली, तेव्हा कुठे गाठी झाल्या. सततच्या दारूनं स्वादुपिंड सुजतं, हे जाता जाता सांगतो. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता खरी भानगड. केपीसी उंदरांच्या गाठीभोवती तंतूंचं घट्ट आवरण असतं, रक्तवाहिन्या तुरळक. जेमसायटाबिन हे केमोथेरपीचं औषध आत पुरेसं पोचतच नाही, हे २००९ मध्ये कळलं. आवरण कमी करणारं औषध जोडीला दिलं, तर उंदीर जास्त जगले. सगळे खूश! माणसांवर चाचणी सुरू झाली आणि २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नवं औषध घेणारे रुग्ण उलट लवकर दगावत होते.

मग पुन्हा उंदरांकडेच जावं लागलं. २०१४ मध्ये दिसलं की आवरण कमी केलेल्या गाठी जास्तच आक्रमक होतात. ज्याला आपण अडथळा समजत होतो, तेच आवरण गाठीला थोडंफार आवरूनही धरत होतं.